तेलाच्या डब्याची प्रदक्षिणा

मला पहिली प्रदक्षिणा घातली ती गोडेतेलाच्या डब्यानं.

पंधरा किलोचा, रिकामा, आडवा केलेला डबा. खाली तीन चाकं, पुढं मांजराच्या मिशांसारखे सायकलचे दोन स्पोक, आणि पाठीवर खडूनं लिहिलेलं – 'हात लावू नये'. मी हात लावला नव्हता. त्यानंच मला मिशी लावली होती.

नव्वद सालचा फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच. जिंतूरचा मोठा रस्ता कापसाच्या बैलगाड्यांनी असा भरला होता की पलीकडच्या माणसाशी बोलायचं तर पत्र टाकावं लागलं असतं. म्हणून मी बसस्टँडमागच्या गल्लीतून टायपिंगच्या क्लासला निघाले होते. समोरून घरघरत हा डबा आला. एक मिशी चपलेला लागली, आत कुठंतरी 'टक्' वाजलं. तो थोडा मागं सरला, डावीकडं वळला आणि मला उजव्या हाताला ठेवून माझ्याभोवती फिरू लागला. एक फेरी. दोन. देवळात माणसं फिरतात तसाच, फक्त त्याचं लक्ष चपलांकडं नव्हतं. म्हणजे होतं, पण माझ्या.

तिसऱ्या फेरीला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून एक मुलगा धावत आला. शर्टाच्या खिशात टेस्टर, केसांत तांब्याच्या तारेचा एक तुकडा.

"हलू नका!"

"का? चावतं का?"

"न्हाई. तुमी हलल्या की ते गोंधळतंय."

"आणि मी गोंधळले तर चालतंय?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. मग लगेच डब्याकडं. मग पुन्हा वर... डबा मधून जात राहिला.

"कुठं निघालंय हे?"

"उजेडाकडं." त्यानं माझ्या मागं बोट दाखवलं. गल्लीच्या टोकाला जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांवर सूर्य टेकला होता. "दुकानात मी भिंतीपाशी बल्ब लावतो. बल्बाकडं जायला शिकवलंय त्याला. आज दार उघडं राहिलं अन् त्याला सूर्य दिसला."

"बराच लांबचा पल्ला आहे."

"हो. अन् मधी तुमी..." त्याचे कान लाल झाले. "म्हंजे उजेडाच्या मधी. आडव्या आलात."

"थांबतं कधी?"

"बॅटरी उतरली की. अर्धा घंटा."

"उचलून घेता येत नाही?"

त्यानं विचार केला. हे त्याला सातव्या फेरीला पटलं. डबा काखोटीला मारून तो उभा राहिला, चाकं हवेत फिरतच होती. तेवढ्यात बसस्टँडच्या कर्ण्यातून आवाज आला – "प्रवाशांनी लक्ष द्या. बोरीमार्गे परभणी, फलाट क्रमांक दोन..." – आणि माझा जीव भांड्यात पडला.

तो आवाज म्हणजे माझे वडील. नाना. व्यंकटराव, बसस्टँडचे कंट्रोलर. अठरा वर्षं माइकसमोर बसून त्यांची एक सवय हाडात गेली होती. चौकशीच्या खिडकीशी कुणी काहीही विचारलं की ते त्या माणसाला उत्तर द्यायचे नाहीत, माइकचं बटण दाबून सगळ्या गावाला द्यायचे. त्यांचा हिशेब असा की एकानं विचारलं म्हणजे वीस जणांच्या मनात तेच असणार. घरीही हेच. आईनं हळूच विचारलं, 'भाजीत मीठ बरंय का?' की ते घसा साफ करून शेजाऱ्यांसकट सगळ्यांना कळवायचे. बंद असला, एस.टी. उभी राहिली, की घरी झोपाळ्यावर बसून मनातल्या मनात गाड्या सोडायचे. ओठ हलायचे.

माझ्यासाठी मात्र हा कर्णा फार सोयीचा होता. आवाज येतोय तोवर नाना खिडकीत आहेत. सहा मिनिटांच्या वर शांतता पडली की समजायचं, नाना चहाला उठले, आणि आता ते कुठंही भेटू शकतात.

"तुमचं नाव?" तो म्हणाला.

"कावेरी. तुमचं?"

"भुजंग."

"आणि ह्याचं?"

त्यानं डब्याकडं पाहिलं. "अजून ठेवलं न्हाई. आधी नीट चालू द्या म्हटलं."

*

चार दिवसांनी मी आमचा मिक्सर घेऊन त्याच्या दुकानात गेले. मिक्सरला काही झालं नव्हतं. ते मी जाताजाता वाटेत करून घेतलं.

दुकान त्याच्या काकांचं, किशनरावांचं. ते कोपऱ्यात बसून पाणबुडी मोटारीत तार भरत असत आणि बोलत नसत. दिवसभरात कितव्या वेढ्यावर आलो एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. जमिनीवर सगळीकडं खडूच्या रेघा होत्या.

"हे काय?"

"नकाशा." भुजंग उकिडवा बसला. "डिप्लोमा झाल्यापास्नं ह्याच्या मागं हाय मी. आधी म्हटलं, सगळं ठरवून द्यावं त्याला. हे टेबल, ही मोटर, हे काका. इतकी पावलं सरळ, मग डावी, मग सरळ."

"काकाही नकाशात?"

"ते कुठं हालतात?"

कोपऱ्यातून काकांनी वर पाहिलं. पुन्हा खाली.

"आणि हलले तर?"

"एकदा पाणी प्यायला उठले." तो खिन्न झाला. "डबा मोरीत गेला."

"मग?"

"मग म्हटलं, नकाशाच नको. उजेडाकडं जा. आडवं काय आलं, मिशी लागली, की त्याला उजवीकडं ठेवून कडंकडंनं फिर. पण मग सुटायचं कुठं? लगीच सोडलं तर परत त्याच्यावरच आदळतंय. न्हाई सोडलं तर..." त्यानं बोट गोल गोल फिरवलं. "शनिवारी पारावर नेलं होतं. मारुतीला एकशेआठ घातल्या त्यानं. पूजेला आलेल्या सरजाबाईनं कुंकू लावलं त्याला."

डब्याच्या कपाळावर खरंच कुंकू होतं. कपाळ म्हणजे जिथं तेलाच्या कंपनीचं नाव खरवडलं होतं ती जागा. बाजूला अर्धा नारळही होता.

मला हसू आलं नाही. आलं, पण ते मी मिक्सरच्या भांड्यात पाहून हसले. कारण आडवं येणाऱ्या गोष्टी हा माझा रोजचा विषय. घरापासून बसस्टँडलगतच्या क्लासपर्यंत सरळ गेलं तर चारशे पावलं. मला अकराशे पडायची. मोठ्या रस्त्यावर कडूबाई आत्या ओट्यावर सूप घेऊन बसलेली, हॉटेलापुढं तात्याराव काका, आणि दोघांचे तेच तीन प्रश्न – कुठं चाललीस, कवा येशील, टायपिंग शिकून कुठं नोकरी लागती का. उत्तरं दिली की ती नानांच्या आधी घरी पोचायची.

"म्हैस कुठं आहे तुमच्या नकाशात?" मी विचारलं.

"म्हैस तर हालती ना."

"हां. सगळं हालतं. काकासुद्धा." मी त्याच्या हातातला खडू घेतला. "बाजाराच्या दिवशी क्लासच्या वाटेवर पालं पडतात. दर आठवड्याला वेगळी. मी काय करते, आधी सगळ्या बाजाराला एक पूर्ण फेरी मारते. निस्ती बघायला. फिरताना ध्यानात ठेवते, क्लासचं दार कुठनं सगळ्यात जवळ दिसलं. फेरी झाली की दुसऱ्यांदा त्याच जागी येते... आणि तिथनं सुटते. मग वळून बघत नाही."

त्यानं टेस्टर खाली ठेवला. उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला.

"एक फेरी बघायला," तो म्हणाला. "दुसरी सुटायला."

"हो."

"सगळ्यात जास्त उजेड कुठं दिसला तेवढंच ध्यानात ठेवायचं. बाकी नकाशा-बिकाशा खामखा." आणि मग माझ्याकडं बघत, डोळे भरून आल्यासारखा, अगदी हळू म्हणाला – "कंडेन्सर..."

मला आजवर कुणी इतक्या प्रेमानं काहीच म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नव्हतं, पण मी समोर उभी होते एवढं खरं.

"म्हंजे असं बगा," तो घाईघाईनं सांगू लागला, "उजेड जास्त तशी वीज जास्त. ती कंडेन्सरात भरून ठेवायची. पहिल्या फेरीत जेवढी सगळ्यात जास्त भरली तेवढी त्याची आठवण. दुसऱ्या फेरीत परत तेवढाच उजेड दिसला की सोडायचं! फक्त एक हाय... कंडेन्सर गळतो."

"म्हणजे?"

"आठवण टिकत न्हाई. थोडी थोडी उतरत जाती. लई वेळ लावला की विसरतंय ते, कुठनं सुटायचं होतं."

"किती वेळ धरतो?"

"दोन-अडीच मिन्टं."

"माणसं जास्त धरत असतील."

"किती?"

मी मिक्सर उचलला. तो अजून दुरुस्त व्हायचा होता, म्हणून परत ठेवला.

"माणसावर आहे," मी म्हटलं.

*

पुढच्या दोन आठवड्यांत आमच्या घरात जे जे विजेवर चालायचं ते ते बिघडलं. इस्त्री. टेबलफॅन. ट्यूबलाइटचा चोक. रेडिओ दोनदा. आई – कमलबाई – एकदा मीटरपुढं उभी राहून म्हणाली, "ह्या घरातली वीजच खराब निघाली बाई." मी म्हटलं, असेल.

आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो ते कळलं नाही. बहुतेक टेबलफॅनच्या वेळी. मी येताना डबा दाराशी आला की मला आडवं समजून फिरायला लागायचा आणि भुजंग कोपऱ्यातून म्हणायचा, "वळखलं त्यानं तुला." मी म्हणायचे, "ते काकांनाही ओळखतं." काका तार भरत राहायचे. एकदा मी चोक घ्यायला हात पुढं केला, त्यानं चोक न देता नुसताच हात पुढं केला. तो कितीतरी वेळ तसाच... आणि कर्ण्यातून नाना म्हणाले, "सेलूकडं जाणाऱ्या प्रवाशांनी त्वरा करावी."

आम्ही सेलूकडं जात नव्हतो. तरी त्वरा केली.

क्लासमध्ये माझा वेग मिनिटाला चाळीस शब्दांवरून बावीसवर आला. अर्ज टाइप करताना 'आपली विश्वासू' लिहून झालं की बोटं थांबायची नाहीत, पुढं भलतंच नाव उमटायचं. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. ताटावर बसले की तहान लागायची, पाण्याला उठले की भूक. रात्री कुशीवर वळले की वाटायचं, मीही कुणाला तरी उजवीकडं ठेवून फिरतेय.

आणि मग एका गुरुवारी नाना जेवताना म्हणाले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "रविवारी, सकाळी अकरा वाजता, पाथरीहून, जीपनं, कावेरीला बघायला पाहुणे येत आहेत." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "मुलाचं नाव चंद्रभान. शाळेत क्लार्क. वेळेचा पक्का."

नानांच्या तोंडून 'वेळेचा पक्का' म्हणजे कुंडली जुळल्यातच जमा. पाहुण्यांना पसंत पडली तर नानांचा बेत त्याच बैठकीत सुपारी फोडायचा होता. सुपारी आईनं आणूनही ठेवली.

शुक्रवारी मी रेडिओ तिसऱ्यांदा बिघडवला.

"रविवारी पाहुणे आहेत," मी भुजंगला सांगितलं. "अकराला. पाथरीचे."

त्यानं रेडिओ उघडला. आत पाहिलं. बंद केला.

"बरं," तो म्हणाला.

"बरं?"

"म्हंजे... रेडिओ कधीपर्यंत पाहिजे?"

मी रेडिओ तिथंच ठेवून निघाले. मागं डबा माझ्या पायाला आडवा आला. मी त्याला ओलांडून गेले.

त्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या घरावरून सायकलची घंटी वाजत गेली. सव्वाचारला पुन्हा. साडेचारला पुन्हा. मी खिडकीच्या आत उभी राहून मोजत होते. पायडल मारताना तो घराकडं बघत नव्हता. इतकं ठरवून बघत नव्हता की आत्यालाही कळलं असतं. अंधार पडेपर्यंत अकरा फेऱ्या. आमचं घर त्याच्या उजव्या हाताला.

रात्री नाना जेवताना वैतागून म्हणाले, "एक पोरगं आलं होतं आज. दिवसातनं सहादा खिडकीशी आलं, सहादा परभणीची गाडी विचारली, अन् बसलं एकीतबी न्हाई! सहादा सांगितलं मी माइकवर. बाकीचे बिचारे सहा गाड्यांत चढले."

"कसं होतं दिसायला?" मी विचारलं.

"बेजार," नाना म्हणाले. "केसात तार होती."

*

शनिवारी संध्याकाळी मी रेडिओ आणायला गेले. बसस्टँडवरून परभणी, सेलू, येलदरी चाललेलं होतं, म्हणजे नाना जागेवर होते.

भुजंग दारातच उभा होता. डोळे जागरणाचे.

"बघ," तो म्हणाला. रेडिओबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही. त्यानं बल्ब लावला आणि मध्ये एक मोठी पेटी ठेवली. डबा निघाला. पेटीवर टेकला. टक्. डावीकडं वळला. पेटीला एक पूर्ण फेरी मारली, सावकाश, जणू भाड्याची खोली बघतोय. मग दुसऱ्या फेरीला अर्ध्यावर गेला, एका कोपऱ्याशी क्षणभर घुटमळला... आणि सुटला. थेट. बल्बाच्या भिंतीला मिशी लावून थांबला.

कोपऱ्यातले काका टाळ्या वाजवत होते. वेढे चुकले असतील.

"जमलं," भुजंग म्हणाला.

"त्याला जमलं," मी म्हटलं. "तुला कधी?"

तो डब्याची मिशी सरळ करू लागला.

"काल घराला अकरा झाल्या. खिडकीला सहा."

"सतरा," तो हळूच म्हणाला. "मी तुझ्या नानाला तुझंच इचारायला जायलो होतो, कावेरी. घरनं सगळं पाठ करून. पण त्या जाळीपाशी गेलं, त्यांनी 'बोला' म्हटलं, की तोंडातनं परभणीच निघतंय."

"एक फेरी बघायला असते, भुजंग. दुसरी सुटायला. तू अठराव्या फेरीवर आहेस."

"ठाऊक हाय."

"उद्या अकराला पाहुणे बसतील. सुपारी ताटात असेल. मी 'नाही' म्हटलं तर नाना विचारतील, 'मग कोण?' आणि मी काय सांगू? की एक जण आहे, फक्त तो अजून परभणीच्या गाडीची वाट बघतोय?"

त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता. त्यालाही तसंच वाटलं असावं. बल्बाच्या उजेडात त्याच्या केसातली तार चमकत होती, मी ती काढायला हात उचललाही होता... आणि माझ्या लक्षात आलं की बाहेर फार शांत आहे.

"शेवटचं कधी बोलले नाना?"

"येलदरी. सात मिन्टं झाली."

मी हात खाली घेतला. रेडिओ घेतला. दाराशी वळून एवढंच म्हटलं, "कंडेन्सर गळतोय, भुजंग."

आणि अकराशे पावलांच्या वाटेनं घरी पळाले.

*

रविवारी अकराला जीप आली नाही. सव्वाअकरालाही नाही. कापसाच्या गाड्यांनी सेलूचा रस्ता धरला होता म्हणे. नानांची सुट्टी होती, पण वाहन उशिरा येतंय आणि आपण घरी बसलोय हे त्यांना सोसेना. "फोन लावून बघतो," म्हणत ते स्टँडवर गेले ते गेलेच. थोड्या वेळानं कर्ण्यावर त्यांचाच आवाज. ड्यूटीवरच्या माणसाला उठवून स्वतः बसले होते.

मी निळी साडी नेसून स्वयंपाकघरात उभी. हातात पोह्यांची बशी. आई म्हणाली, "ठेव की खाली." मी ठेवली. उचलली. ठेवली.

"बोरीमार्गे परभणी," नाना म्हणाले, "अकरा चाळीस."

पुन्हा तोच असेल, मला वाटलं. सातव्यांदा परभणी. बशी माझ्या हातात गार होत होती.

मग कर्णा खरखरला.

"कावेरीची चौकशी करणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्या. कावेरी ही..."

आणि खट्. बंद.

आईच्या हातातली सांडशी पडली. शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बंद केला. रस्त्यावर एक बैलगाडीवाला बैलांना 'हो, हो' म्हणाला आणि तेही थांबले. सगळं जिंतूर कर्ण्याकडं तोंड करून उभं होतं, आणि कर्णा गप्प.

एक मिनिट. तीन. सहा. सहाच्या पुढं मी मोजायला घाबरायचे, पण त्या दिवशी मोजलं. सात. आठ.

त्या वेळात काय झालं ते मला नंतर तात्याराव काकांनी सांगितलं. ते रांगेत चौथे होते. भुजंग खिडकीशी आला, तेव्हा नानांनी मान वर न करता, पुढची गाडी म्हणून, त्याला परभणी सांगून टाकली. भुजंग म्हणाला, "परभणी न्हाई." नाना म्हणाले, "मग?" भुजंग म्हणाला, "कावेरी." आणि अठरा वर्षांच्या सवयीनं नानांचं बोट बटणावर गेलं.

मग बटण सोडून त्यांनी त्याला नीट पाहिलं. "तूच का तो? सहादा आलेला?"

"सातदा."

"काय करतोस?"

"काकाचं दुकान हाय, मोटर रिवाइंडिंगचं. तिथं पोट भरतं. अन्... डबा करतो."

"कशाचा डबा?"

"आडवं आलं तरी मुक्कामाला पोचतो असा."

तात्याराव काका म्हणतात, नऊ मिनिटांतली सात डब्यातच गेली. नानांनी विचारलं, बैलगाडी आडवी आली तर? भुजंग म्हणाला, एक फेरी बघतो, दुसरीला सुटतो. नानांनी विचारलं, वेळापत्रक? तो म्हणाला, वेळापत्रक न्हाई. नाना ह्यावर बराच वेळ नाराज राहिले. मग त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, जिथं त्यांच्या तीन गाड्या आणि पाथरीची वेळेची पक्की जीप कापसामागं अडकली होती. आणि विचारलं, "पोचतो पण?"

"पोचतो."

"अन् पोरीला विचारलंस?"

"न्हाई," भुजंग म्हणाला. "आधी इथं येऊन अडकलो."

नवव्या मिनिटाला कर्णा पुन्हा खरखरला.

"सूचना. सदर चौकशीचं उत्तर कावेरीला विचारल्याशिवाय देता येत नाही. कावेरीनं जिथं असेल तिथून ताबडतोब नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा."

मी निघाले. आई मागून काहीतरी म्हणाली, बहुधा बशीबद्दल. गल्लीच्या तोंडाशी पाय आपोआप डावीकडं वळले, अकराशेच्या वाटेला... आणि थांबले. मी मोठ्या रस्त्याला लागले. सरळ.

ओट्यावर कडूबाई आत्या सूप घेऊन उभी होती. तिनं तीनपैकी एकही प्रश्न विचारला नाही. "चल चल, पाय उचल! बोलवायलाय तुझा बाप!" म्हणत ती ओट्यावरून उतरून माझ्यापुढं धावायला लागली. बैलगाडीवाल्यानं कासरा ओढून बैल बाजूला घेतले. हॉटेलातून लोक बाहेर येऊन भिंतीला चिकटले. चारशे पावलांत मला कुणीच आडवं आलं नाही. मला त्याची सवय नव्हती. थोडी धडपडले.

रांग दोन्ही बाजूंनी दुभंगली. खिडकीच्या जाळीला धरून भुजंग उभा होता. इस्त्रीचा शर्ट. केसांत तार होतीच.

जाळीच्या आत नाना. पुढं माइक, त्याचा तांबडा दिवा लागलेला. नानांच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

मी बशी खिडकीत ठेवली. नानांनी घसा साफ केला. बापाचा आवाज त्यांना सापडेना, म्हणून कंट्रोलरचा लावला.

"कुठं जायचंय?"

बाहेर कर्णा म्हणाला, कुठं जायचंय.

मी भुजंगकडं पाहिलं. त्याचा सगळा जीव कानांत आला होता, आणि कान लाल.

"ह्याच्यासंगं," मी म्हटलं.

"थेट? का मधी बदलून?"

"थेट."

ते सगळ्या गावानं ऐकलं. नुकत्याच स्टँडच्या फाटकात शिरलेल्या जीपनंही ऐकलं. त्यातून एक सडपातळ, घामेजलेला मुलगा उतरला. मनगटावरचं घड्याळ बघत तो खिडकीशी आला आणि फार अदबीनं म्हणाला, "काका, पाथरीला परतायला..."

नानांनी त्याला जाळीखालून पोह्यांची बशी सरकवली. "आधी खाऊन घ्या," ते माइकमध्ये म्हणाले.

पोहे गार होते. चंद्रभाननं ते सगळे खाल्ले. जाताना तो भुजंगला डब्याबद्दल काहीबाही विचारत होता.

घरी निघालो तेव्हा सूर्य कलला होता. मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर सगळी माणसं. भुजंग चालता चालता थांबला आणि मला उजव्या हाताला ठेवून, सावकाश, माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आला.

"आता ही कशाला?" मी म्हटलं. "बघायला, का सुटायला?"

"दोन्ही न्हाई."

"मग?"

"उगंच," तो म्हणाला, आणि मी त्याच्या केसातली तार काढली.